‘कसं वाटतंय?’च्या आधी दुसरं काहीतरी विचारा

महाराष्ट्रातल्या समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मंडळींना,

स. न. वि. वि.

मी पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत एका सीएनसी शॉपमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या कारखान्यात, शिफ्ट-इनचार्ज आहे. वय 46. आजवर पत्रं लिहिली ती बहुतेक कस्टमरला, माल रिजेक्ट का झाला याचा खुलासा देणारी. हेही त्याच चालीवरचं समजा, फक्त या खेपेला रिजेक्ट झालेला पीस मी आहे. गेल्या वर्षभरात मी तुमच्यापैकी चौघांकडे जाऊन आलो. तिघांकडून परत फिरलो, चौथ्या ठिकाणी टिकलो. चारातले तीन पीस नापास झाले तर आमच्याकडे कोणी मटेरियलला दोष देऊन सुटत नाही, प्रोसेस उघडून बघावी लागते. ती तुम्ही बघावी म्हणून लिहितोय.

आधी काय झालं ते सांगतो. मला असंच सांगता येतं, आणि माझा मुद्दाही तोच आहे.

ऑर्डरी कमी झाल्या तेव्हा वरून अकरा कंत्राटी पोरांची यादी आली. उद्यापासून येऊ नका, हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. लातूर, नांदेड, परभणीकडची पोरं. कोणी आयटीआय झालेला, कोणी बारावी नापास, एकेका खोलीत पाच-सहा जण राहणारी. पहिली शिफ्ट सुटताना, साडेतीनला, मी त्यांना स्टोअरजवळ उभं केलं आणि सांगून टाकलं. कोणी भांडलं नाही. एक जण एवढंच म्हणाला, “साहेब, खानावळीत उद्याचा डबा सांगितलाय. आत्ता फोन केला तर कॅन्सल होईल का?” मी म्हणालो, होईल. मला काय माहीत होईल की नाही!

तेव्हापासून झोप गेली. रात्री अडीचला जाग यायची, मग पाणी, मग मोबाईल, मग छातीत धडधड. ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. (टेन्शन आपण किराणा दुकानातून घेऊन येतो अशी आपल्याकडे समजूत आहे.) ॲसिडिटीची गोळी रोजची झाली. आठवड्यातून एकदा असायची ती क्वार्टर तीनदा झाली. घरात माझा आवाज चढायला लागला. एका रात्री धाकटीने गंमत म्हणून टीव्हीचा रिमोट लपवला आणि मी उठून बाथरूमच्या भिंतीवर ठोसा मारला.

उजव्या हाताचं, करंगळीच्या मुळाशी असलेलं हाड मोडलं. हाडांच्या डॉक्टरांना सांगितलं, दार लागलं. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला, माझ्याकडे बघितलं आणि हसले. दार लागून हे हाड असं मोडत नाही, मूठ आपटली की मोडतं. डॉक्टर लोकांत या फ्रॅक्चरला बॉक्सरचंच नाव आहे, हे मला नंतर कळलं. त्यांना मात्र तेव्हाच कळलं होतं. म्हणाले, “पुढच्या वेळी उशी घ्या.” प्लास्टर घातलं, बिल झालं, पुढचा नंबर.

हे डॉक्टर तुमच्या शाखेचे नाहीत हे मला कळतं. पण आमच्यासारखा माणूस तुमच्या दारात यायच्या कितीतरी आधी कुणा ना कुणाच्या टेबलासमोर बसलेला असतो. हाडांच्या, पोटाच्या, नाहीतर हृदयाच्या. ‘मन’ अशी पाटी लिहिलेल्या दारातून तो सुरुवात करत नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात किती जनरल प्रॅक्टिशनर तुमच्यापैकी कुणाला नावाने ओळखतात, एकदा चौकशी करून बघा. त्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे तुमचं साधं कार्ड असतं आणि ते त्यांनी न बोलता माझ्या फाइलीत सरकवलं असतं, तर माझे पुढचे पाच महिने वाचले असते.

आता आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरातल्या 1,70,924 आत्महत्या आहेत. त्यात 1,22,724 पुरुष. राज्यांमध्ये सगळ्यात वरचा आकडा महाराष्ट्राचा, 22,746. देशभरातल्या या मरणाऱ्यांत चारातला एक जण रोजंदारीवर काम करणारा. हा आकडा वाचताना मला डब्याची चौकशी करणारा तो पोरगा आठवला, आणि मी अहवाल मिटून ठेवला.

हे आकडे फेकून ‘पुरुषच खरे पीडित’ म्हणणारी एक टोळी असते. मी तिच्यातला नाही. माझ्या रागाचं भाडं कुणी भरलं ते मला माहीत आहे. बायकोने भरलं आणि पोरींनी भरलं. म्हणून ‘पुरुषांसाठी वेगळा थेरपिस्ट’ याचा अर्थ पुरुषाची बाजू घेणारा माणूस, असा मी लावत नाही. पुढे त्यावर येतोच.

पहिल्या क्लिनिकची गोष्ट. बाणेरला, काचेचं दार, आत झाडं, मंद वास. इंटरनेटवर शोधताना मला एकूण चाळीसेक नावं दिसली होती आणि बहुतेकांच्या पानावर तज्ज्ञता म्हणून तेच लिहिलेलं होतं: चिंता, नैराश्य, नातेसंबंध, आत्मविश्वास, करिअर, आघात, पालकत्व, आणि आणखी डझनभर. आमच्याकडे एखादा व्हेंडर म्हणाला की टर्निंग, मिलिंग, कास्टिंग, प्लेटिंग सगळं आम्हीच करतो, तर आम्ही त्याला ट्रायल ऑर्डरसुद्धा देत नाही. तुमच्या बाबतीत दुसरा मार्गच नव्हता, म्हणून मी फोटो बघून निवड केली. खोटं कशाला बोलू, जी व्यक्ती कमी हसत होती ती निवडली.

रिसेप्शनवर एक फॉर्म दिला. नऊ प्रश्नांचा, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं त्यावर खूण करा. पीएचक्यू-नाइन म्हणतात त्याला, जगभर वापरतात. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताने खुणा केल्या. झोप, भूक, थकवा, लक्ष लागत नाही, स्वतःबद्दल वाईट वाटतं. राग येतो का, असा त्यात एकही प्रश्न नाही. पिता का, असाही नाही. माझा स्कोअर 7 आला. म्हणजे सौम्य नैराश्य. फॉर्म घेणाऱ्या मुलीने प्लास्टरकडे बघून “अरे बापरे, ॲक्सिडेंट का?” विचारलं, आणि मी हो म्हणालो.

आत मॅडम चांगल्या होत्या. हे मुद्दाम लिहितोय, कारण त्यांची चूक काढायला गेलं तर सापडणार नाही. शांतपणे ऐकत होत्या. पोरांना काढल्याचं मी सांगितलं तेव्हा म्हणाल्या, “मग तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?” मी म्हणालो, ठीक. “ठीक म्हणजे?” म्हणजे ठीक. मग त्यांनी एक गोल तक्ता पुढे केला, रंगीत पाकळ्यांचा. पाकळ्यांत इंग्रजीतून शंभरेक भावना लिहिलेल्या. म्हणाल्या, यातली कुठली जवळची वाटते? मी इंग्रजी ड्रॉइंग वाचतो, ऑडिटरशी इंग्रजीत बोलतो. पण त्या गोलासमोर मी पहिलीतल्या पोरासारखा बसलो होतो. ‘अँग्री’वर बोट ठेवलं, कारण तेवढंच खात्रीचं होतं. पन्नास मिनिटं झाली. 1800 रुपये दिले. पुढची वेळ शनिवारी दुपारी देत होत्या.

भोसरीत गुरुवारी सुट्टी असते हो. शनिवार-रविवार मशीन चालू असतं. आणि आमची शिफ्ट दर आठवड्याला फिरते, तुमचा स्लॉट फिरत नाही. तुमच्या वेळापत्रकावरून कळतं तुम्ही कोणाची वाट बघताय. हिंजवडीच्या आयटीवाल्यांची बघताय.

भावना ओळखता येत नाहीत हा माझा एकट्याचा दोष नसावा. वडील गिरणीत होते. घरात त्यांचे मूड दोनच, जेवले आणि नाही जेवले. आईला बाकीचं त्यावरून कळायचं. मला लहानपणी ‘रडतोस काय मुलीसारखा’ म्हणून घरच्यांनी, मास्तरांनी, मित्रांनी आळीपाळीने झोडपलंय, आणि ते सगळे माझ्यावर जीव टाकणारेच होते. मग चाळीस वर्षांनी रंगीत तक्ता पुढे करून एका तासात शब्द कसे येतील? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2018 साली मुलगे आणि पुरुष यांच्यासोबत काम कसं करावं याची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली म्हणे. त्यावर तिकडे बरीच भांडणंही झाली. आपल्याकडे निदान भांडण तरी होऊ द्या.

दुसऱ्या वेळी मी ठरवून पुरुष शोधला. पुरुषाचं पुरुषाला कळेल हा हिशोब. गृहस्थ माझ्याच वयाचे, भिंतीवर सात-आठ प्रमाणपत्रं. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी मला मधेच थांबवलं आणि स्वतःच्या संघर्षाची कहाणी सुरू केली. ती अर्धा तास चालली. मग म्हणाले, घरचा कर्ता पुरुष खचला तर घर खचतं, खंबीर व्हा. पहाटे उठा. आणि निघताना दारात, खालच्या आवाजात, “मिसेसना पण जरा समजावून सांगा, पुरुषाला घरात शांतता लागते.”

खरं सांगू? ऐकताना बरं वाटलं. तीन दिवस तोऱ्यात होतो. चौथ्या दिवशी बायकोला तेच वाक्य ऐकवलं. त्यावर ती काही बोलली नाही, उशी घेऊन पोरींच्या खोलीत झोपायला गेली.

नंतर मी त्या प्रमाणपत्रांचा विचार केला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. सायकॅट्रिस्ट म्हटलं की एमबीबीएस आणि वर त्या विषयातली पदवी किंवा पदविका आलीच. पण ‘समुपदेशक’ ही पाटी आजही कोणीही लावू शकतो, आठवड्याच्या कोर्सवरही. 2021 साली संबद्ध आरोग्य व्यावसायिकांसाठीचा कायदा आला, त्यात तुमच्यातले समुपदेशकही धरले आहेत, पण माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला पाटीवरून काही ओळखता येईल अशी वेळ अजून आलेली नाही. तोवर हे काम तुमचंच आहे. शिक्षण काय, नोंदणी कुठली, नंबर काय, हे पानावर सगळ्यात वर लिहा. झाडांचा फोटो खाली टाका.

तिसरे सायकॅट्रिस्ट. सात मिनिटं लागली, त्यातली दोन त्यांच्या फोनमध्ये गेली. तरी त्यांचे उपकार मी विसरणार नाही, कारण गोळ्यांनी झोप आली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा मी सलग सहा तास झोपलो. ‘गोळ्यांची सवय लागते, मेंदू बधिर होतो’ म्हणून घाबरवणारे नातेवाईक मला भेटले होते. तसं काही झालं नाही. झालं ते वेगळंच. तिसऱ्या आठवड्यापासून बिछान्यात काही जमेना. इच्छाच होईना, आणि झाली तरी शेवट होईना.

या प्रकारच्या गोळ्यांचा हा नेहमीचा, माहीत असलेला दुष्परिणाम आहे. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. हे मला सहा महिन्यांनंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, आता हेही गेलं. कोणाला सांगणार? बायकोला नाही, मित्रांना तर नाहीच. सात मिनिटांच्या डॉक्टरांना, बाहेर पंचवीस माणसं बसलेली असताना, दार अर्धं उघडं असताना? मी गोळ्या एका दिवसात बंद केल्या. पुढचे दहा दिवस मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. मशीनवर उभं राहून हे झेललं, आणि डॉक्टरांच्या वहीत मी ‘फॉलोअपला आला नाही’ असा उरलो.

सायकॅट्रिस्ट मंडळींनो, गोळी लिहितानाच एवढं म्हणा: “यातल्या काही गोळ्यांनी संबंधांच्या वेळी त्रास होतो. झाला तर स्वतःहून बंद करू नका, मला सांगा, यावर उपाय आहे.” मी घड्याळ लावून हे वाक्य म्हणून बघितलं, दहा सेकंदांचं आहे. महाराष्ट्रातले किती पुरुष या दहा सेकंदांच्या अभावी गोळ्या सोडून घरी बसले असतील, याची मोजदाद कुठल्या अहवालात नाही.

मधले तीन महिने मी कुठेच गेलो नाही.

मग माझा एक जुना ऑपरेटर मदतीला आला. त्याने दारू सोडलेली. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात तो राहून आला होता, आणि आता दर आठवड्याला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला जातो. माझ्या तोंडाचा वास त्याला सकाळच्या शिफ्टला आला असावा. काही बोलला नाही. म्हणाला, “सर, आमची ओपन मीटिंग आहे, बाहेरच्यांना चालतं, सोबत चला. चहा मिळतो.”

महापालिकेच्या शाळेचा वर्ग. पोरांचे बुटके बाक, त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मोठाली माणसं. तिथलं तिथेच ठेवायचं असतं, म्हणून कोण काय बोललं ते लिहीत नाही. कसं बोलले तेवढं सांगतो. एकेक जण उठायचा, नाव सांगायचा, मी मद्यपी म्हणायचा, आणि थेट घडलेली गोष्ट सुरू करायचा. तारीख, वार, कोणती गाडी होती, खिशात किती पैसे होते, बायको दारात कुठली साडी नेसून उभी होती. कसं वाटलं हे कोणीही विचारत नव्हतं. आणि तरी दीड तासात त्या वर्गात चार माणसं रडली. बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघितलं नाही, समोर फळ्याकडे बघत बसले. ते न बघणं किती मोठं होतं, तुम्हाला सांगता येणार नाही मला.

पुरुष बोलत नाहीत, हे तुमचं लाडकं वाक्य आहे. आम्ही बोलतो. घडलेलं सांगतो. एकमेकांकडे तोंड करून नव्हे, एका दिशेला तोंड करून. टपरीवर, गाडीवर मागे बसून, बिघडलेल्या मशीनसमोर उभे राहून. तुमची खुर्ची बरोबर समोर असते, मधे टिश्यूचा डबा. मला ती इंटरव्ह्यूची खोली वाटते.

चौथा नंबर त्या ऑपरेटरनेच दिला. चिंचवडला, जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर, पन्नाशीच्या बाई. मी पुरुष शोधत होतो आणि टिकलो बाईंकडे, तेव्हा ‘पुरुषाला पुरुषच हवा’ हा सिद्धांत माझ्यापुरता निकालात निघाला. काहींना पुरुषच लागेल, त्यांना तो मिळावा. पण माझी अडचण ती नव्हतीच.

त्यांनी फोनवरच सगळं सांगितलं. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, गोळ्या देत नाही, लागल्या तर कुणाकडे पाठवायचं ते मला माहीत आहे. पन्नास मिनिटांचे 700 रुपये. संध्याकाळी साडेसातची वेळ आहे, गुरुवारी सकाळचीही आहे. तुम्ही बोललेलं कंपनीला, घरच्यांना, कुणालाही कळणार नाही. अपवाद एकच, तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, आणि तसं आधी तुम्हाला सांगेन. चार वेळा या. चौथ्या वेळी आपण दोघं मिळून बघू उपयोग होतोय का. नसेल होत तर मी दुसरं नाव देईन, वाईट वाटून घेणार नाही.

ट्रायल, रिव्ह्यू, मग पुढची ऑर्डर. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

पहिल्या दिवशी त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि म्हणाल्या, “कालचा दिवस सांगा. उठल्यापासून झोपेपर्यंत, घड्याळाप्रमाणे.” हे मला येतं. बावीस वर्षं मी शिफ्टचं लॉगबुक लिहितोय. पावणेसहाला उठलो, सव्वासहाला चहा, सहा चाळीसला गाडी काढली. सांगत सांगत संध्याकाळपर्यंत आलो. चार वाजून दहा मिनिटांनी सोसायटीत पोचलो. चार पस्तीसला घरात गेलो.

“मधली पंचवीस मिनिटं कुठे होतात?”

पार्किंगमध्ये. गाडी बंद करून, हेल्मेट न काढता, गाडीवरच बसून. रोज. हे मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. काय करत होतात? काही नाही. वर कोणाला तोंड द्यायचं नव्हतं का? वर सगळे माझेच आहेत. मग? मग त्यांनी पुढचं विचारलंच नाही, थांबल्या. आणि मी आपणहून त्या पोराच्या डब्याची गोष्ट सांगितली. पहिल्या क्लिनिकमध्येही मी पोरांना काढल्याचं सांगितलं होतं. डब्याचं नव्हतं सांगितलं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी सरळ विचारायला घेतलं, सीबीआयसारखं, पण आवाज न चढवता. रोज किती घेता? कोणता ब्रँड? कर्ज किती आहे, घरी माहीत असलेलं किती आणि नसलेलं किती? (एक पर्सनल लोन बायकोला माहीत नव्हतं. तिच्याआधी ते त्यांना कळलं.) बायकोशी शेवटचे कधी जवळ आलात? जीव द्यावासा वाटतो का? वाटलं तेव्हा कसा द्यायचा हेही ठरवलं होतं का? हा प्रश्न ऐकून मी दचकलो नाही, मला हायसं वाटलं. कुणीतरी विचारलं एकदाचं. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही भीती खोटी आहे, हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. तुम्हा सगळ्यांना ते शिकवलेलं असतं. मग आधीच्या तिघांनी तोंडाने का विचारलं नाही?

तिसऱ्या भेटीतला प्रश्न मात्र मला जन्मात विसरता येणार नाही. “तुमच्या घरात तुम्हाला कोण घाबरतं?”

मी म्हणालो, कोणी नाही, मी हात उगारत नाही कुणावर.

त्या काही बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर खालच्या अंगणात पोरं क्रिकेट खेळत होती, एक ओव्हर संपली असेल. मी म्हणालो, धाकटी. मी आलो की ती रिमोट टेबलावर ठेवते, बरोबर मधोमध, आणि आत जाते.

पुरुषाला साजेसा थेरपिस्ट म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी हा प्रश्न सांगेन. दुसऱ्या गृहस्थांनी माझी बाजू घेतली आणि माझं घर आणखी एक पायरी खाली गेलं. बाईंनी माझी बाजू घेतली नाही, मला गुन्हेगारही ठरवलं नाही. ‘पुरुषसत्ता’ हा शब्दही त्यांनी कधी काढला नाही, जरी त्यांच्या कपाटातली पुस्तकं मला दिसत होती. त्यांनी फक्त तो रिमोट माझ्यासमोर ठेवला.

तुमच्याकडून मला हवंय ते असं. पहिल्या भेटीत भावनांचा तक्ता काढू नका, दिवस विचारा. त्या नऊ प्रश्नांच्या फॉर्मखाली पेनाने तीन प्रश्न वाढवा: राग, दारू, आणि अंगावरच्या जखमा. प्लास्टर घातलेला हात दिसला तर तो कसा मोडला हे दोनदा विचारा, पहिलं उत्तर बहुतेक खोटं असतं. पानावर मराठीत लिहा, नुसतं भाषांतर केलेलं मराठी नको. ‘सुरक्षित अवकाश’ म्हणजे काय हे आमच्या शॉपमध्ये कुणाला सांगता येणार नाही, ‘इथलं बोलणं बाहेर जात नाही’ हे सगळ्यांना कळतं. आणि कृपा करून आम्हाला क्लायंट म्हणू नका. आमच्याकडे क्लायंट म्हणजे रिजेक्शनचा मेल टाकणारा.

फीचं मी बोलत नाही, तुम्हालाही घरं आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मनाचे आजार शरीराच्या आजारांसारखेच धरायचे असं लिहिलंय. पण आमच्या ग्रुप पॉलिसीत दवाखान्यात भरती झालो तरच पैसे मिळतात. म्हणजे पार कोसळलो तर मिळतात, कोसळू नये म्हणून बोलायला गेलो तर नाहीत. हे तुमच्या संघटनांनी भांडायचं काम आहे. माझ्यासारख्याने एचआरला विचारलं तर आधी तो माझ्याकडेच बघेल.

माझं सगळं छान झालंय असं नाही. क्वार्टर आठवड्याला एकवर आली आहे, बाईंना ती शून्य हवी आहे. वेगळी गोळी सुरू आहे, कमी डोसची, वेगळ्या डॉक्टरांची. धाकटी अजून रिमोट मधोमधच ठेवते. पार्किंगमधली पंचवीस मिनिटं आठ-नऊवर आली आहेत. मी खरंच मोजतो, सवय आहे.

आणि एक. परवा आमचा एक सेटर, तिशीतला, लग्न होऊन दोन वर्षं झालेला, पाठीमागून आला. मी गुरुवारी सकाळी कुठे जातो हे त्याला कुठून कळलं होतं देव जाणे. इकडचं तिकडचं बोलला, इन्सर्ट लवकर झिजताहेत म्हणाला, मग म्हणाला, “सर, तुमच्या त्या डॉक्टर मॅडमचा नंबर मिळेल का? माझ्या मित्राला पाहिजे होता.” मी मॅडमचा नंबर दिला, आणि त्याखाली 14416 लिहिला. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, 2022 पासून सुरू आहे, फुकट, रात्रीअपरात्रीही लागते, मराठीतून बोलतात.

मॅडमकडे जागा नसेल तर तो तुमच्यापैकी कुणाला तरी फोन करेल. बहुधा गुरुवारी करेल, गच्चीवर जाऊन. मित्रासाठी विचारतोय म्हणेल. म्हणू द्या त्याला. मित्राचा कालचा दिवस विचारा.

आपला,
भोसरीतला एक शिफ्ट-इनचार्ज